राहुकाळ नागपूरच्या सूर्योदयाप्रमाणे पाहा

सभासदांना नमस्कार. सोमवारच्या सामूहिक पूजेसाठी भिंतीवरच्या कॅलेंडरमधला राहुकाळ कृपया जसाच्या तसा धरू नका. बऱ्याच कॅलेंडरांत वेळा मुंबईच्या असतात आणि नागपुरात सूर्य साधारण २५ मिनिटं आधी उगवतो. आपल्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे आठ समान भाग करा. सोमवारी त्यातला दुसरा भाग राहुकाळ. सगळ्यांना पाठ असलेलं ‘साडेसात ते नऊ’ सहाला उगवून सहाला मावळणाऱ्या दिवसापुरतंच खरं. उन्हाळ्यात तर हा भाग दीड तासाहून मोठा होतो. तिथी मात्र सगळीकडे एकाच क्षणी बदलते, तिच्यात मिनिटं वजा करू नका. सोयीची वेळ शनिवारपर्यंत कळवा, गुरुजींना सांगायची आहे.