चौकट थांबवून पाहा: छायाचित्रकारांसाठी अ‍ॅनिमे

महोदय,

छायाचित्रणाची आवड असणाऱ्यांसाठी निवांत, देखण्या अ‍ॅनिमेंची (जपानी अ‍ॅनिमेशनपटांची व मालिकांची) शिफारस आपल्या पुरवणीत वाचली. निवड चांगली आहे, पण ‘प्रत्येक चौकट भिंतीवर लावावी अशी’ म्हणून लेख थांबतो. ती चौकट तशी का दिसते आणि त्यातले काय आपल्या कॅमेऱ्यात उतरू शकते, हे कळले तरच हाती कॅमेरा असलेल्या वाचकाला त्याचा उपयोग.

जपानी स्टुडिओत पात्रे, पार्श्वभूमी आणि उजेड एकत्र आणणाऱ्या विभागाला आजही ‘सात्सुएइ’ म्हणतात. या शब्दाचा साधा अर्थ कॅमेऱ्याने चित्रण करणे. पूर्वी पारदर्शक सेलवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ तावांवर, रंगवलेली चित्रे एकावर एक ठेवून वर बसवलेल्या कॅमेऱ्याने एकेक चौकट फिल्मवर घेत. पाण्याची चमक हवी असेल तर काळ्या कागदाला भोके पाडून खालून उजेड सोडायचा आणि त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा एक्सपोजर द्यायचे. आता हे संगणकावर होते. नाव तेच राहिले आणि विचारही कॅमेऱ्याचाच राहिला. खऱ्या लेन्समध्ये धूसर पार्श्वभूमी, अंधारलेले कोपरे, उन्हाची झळाळी आपसूक येते. अ‍ॅनिमेत यातले काहीही आपसूक येत नाही, कुणीतरी ठरवून घातलेले असते. म्हणूनच चौकट थांबवून ‘हे इथे का?’ असे विचारण्यात अर्थ आहे.

त्याआधी टीव्हीची सेटिंग्ज तपासावीत. अ‍ॅनिमे सेकंदाला २४ चौकटींनी चालते, पण हालचालीची नवी चित्रे बहुधा ८ किंवा १२ असतात. हालचाल गुळगुळीत करणारे सेटिंग चालू असले की टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करतो आणि रेषांच्या कडा फरफटल्यासारख्या दिसतात. ते बंद करावे आणि भडक रंगांच्या मोडऐवजी सिनेमा मोड ठेवावा. संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसत असतील तर तो चित्रकाराचा दोष नाही. ८ बिटच्या व्हिडिओत प्रत्येक रंगाला उजेडाच्या २५६ पायऱ्याच मिळतात आणि डेटा वाचवताना त्यातल्या शेजारच्या पायऱ्या एक होऊन जातात.

यादीतली आमची सर्वांत लाडकी मालिका ‘तामायुरा’. दिग्दर्शक जुनिची सातो. स्थळ हिरोशिमा प्रांतातले ताकेहारा, मिठाच्या व्यापारावर वाढलेले जुने गाव. त्यातला जुन्या घरांचा भाग १९८२ पासून संरक्षित आहे. नायिका फूच्या हाती दिवंगत वडिलांचा रोलाय ३५ एस हा छोटा फिल्म कॅमेरा आहे, आणि हा कॅमेरा समजला की मालिका वेगळीच दिसू लागते. त्याची ४० मिमी एफ/२.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे) आत ढकलता येते, पण शटर चढवलेले, म्हणजे पुढचा फोटो टिपायला तयार, असेल तरच. जोर लावला तर यंत्रणा बिघडते. व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस दिसत नाही, अंतर डोळ्यांनी मोजून लेन्सवर लावायचे. एफ/२.८ वर दीड मीटरवरचा चेहरा टिपताना स्पष्टतेची पट्टी जेमतेम २४ सेंटिमीटर असते. अंदाज एका वितीने चुकला तरी डोळे धूसर येतात. एफ/८ वर फोकस साधारण ६.७ मीटरला लावला की सव्वातीन-साडेतीन मीटरपासून अनंतापर्यंत सारे नीट येते. गल्लीबोळात हा कॅमेरा असाच वापरावा. उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी मुळात १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागे. त्याजागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की मीटर उजेड जास्त समजते आणि फिल्म कमी एक्सपोज होते. झिंक-एअर सेल मूळ व्होल्टेजच्या जवळ जातो.

मालिकेच्या नावातले ‘तामायुरा’ म्हणजे फोटोत उमटणारे उजेडाचे पांढुरके गोळे. टिपणारा आणि टिपला जाणारा दोघेही आनंदी असले की ते येतात, असे कथेत मानतात. कल्पना गोड आहे. प्रत्यक्षात फ्लॅश लेन्सला चिकटून असला की समोरच्या धूलिकणांवर किंवा तुषारांवर उजेड आपटून परततो आणि हे कण फोकसबाहेर असल्याने गोल दिसतात. नको असतील तर फ्लॅश लेन्सपासून दूर धरावा. हवे असतील तर बारीक भुरभुर पावसात जवळच ठेवावा.

दिग्दर्शक माकोतो शिंकाई यांचा २०१३ चा ४६ मिनिटांचा चित्रपट ‘शब्दांची बाग’ पावसासाठी पाहावा. तोक्योच्या शिंजुकु ग्योएन बागेत बसलेल्या पात्रांच्या अंगावरच्या छायेत आणि बाह्यरेषेत पानांचा हिरवा उतरलेला आहे. झाडाखाली ढगाळ उजेडात डोळ्यांना हेच दिसते, पण कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल आपोआप साधणारी सोय) हिरव्याला दोष समजून मॅजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी, मिसळतो आणि सारी ओल निघून जाते. व्हाइट बॅलन्स ५५०० ते ६००० केल्विनला (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप) पक्का करावा आणि त्वचा आजारी दिसू लागली तर फक्त चेहऱ्यावर किंचित मॅजेंटा द्यावा, पूर्ण चौकटीवर नाही. पावसाच्या रेघा हव्यात तर शटर १/६० सेकंद, थेंब हवेत तर १/५०० किंवा त्याहून वेगवान. पाऊस फिक्या आकाशावर दिसतच नाही. मागून उजेड आणि त्याही मागे गडद झाडी लागते, तिथेच बहुतेकांचे चुकते.

‘युरु कॅम्प’ या मालिकेच्या पहिल्या भागात मोतोसु तलावाकाठून फुजी पर्वत दिसतो. हे दृश्य २००४ च्या एक हजार येनच्या नोटेमागे होते, ओकादा कोयो यांच्या १९३५ च्या छायाचित्रावरून घेतलेले. २०२४ च्या नोटेवर ते राहिले नाही. दिवसभर ढगात असलेला पर्वत रात्री चांदण्यात उघडा पडतो, ती चौकट जरूर थांबवावी. पौर्णिमेला असे दृश्य टिपायला एफ/२.८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० आणि ४ ते ८ सेकंद लागतात. ऑटोफोकस अडखळतो, म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर दूरचा दिवा मोठा करून हाताने फोकस करावा. आणि मग धक्का बसतो, कारण फोटो दिवसासारखा येतो. चांदणे म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच. त्याचा निळेपणा बराचसा आपल्या नजरेचा असतो. अ‍ॅनिमेतली रात्र हवी असेल तर एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी एक्सपोजर आणि ४००० केल्विनच्या आसपास व्हाइट बॅलन्स ठेवावा. फुजी तलावाच्या आग्नेयेला आहे, त्यामुळे सकाळी तो विरुद्ध प्रकाशात येतो आणि दुपार कलल्यावर समोरून उजळतो.

‘सुपर कब’ मालिकेत एकाकी नायिकेचे जग फिके आहे, मोपेड सुरू होते आणि रंग भरून येतात. हा बदल वेळेत घडतो म्हणून पटतो. एकाच फोटोत अर्धे फिके, अर्धे भडक केले तर ती करामत वाटते. त्यासाठी दोन फोटोंची जोडी करावी. नागासाकीत घडणाऱ्या ‘इरोदुकु’ मालिकेची नायिका रंग पाहूच शकत नाही. कृष्णधवल काम करणाऱ्यांनी तिच्या नजरेच्या चौकटी रंगीत चौकटींशेजारी ठेवून पाहाव्यात. लाल आणि हिरवा बहुधा एकाच करड्यात विरघळतात, तेव्हा भेद फक्त उजेडाने करावा लागतो.

‘नोन नोन बियोरी’ या मालिकेच्या लांब, स्थिर चौकटींत कॅमेऱ्याची उंची शोधावी. सपाट जमिनीवर क्षितिजरेषा ज्याला जिथे छेदते, तिथे लेन्सची उंची असते. ती एखाद्या मुलाच्या डोळ्यांतून जात असेल तर कॅमेरा साधारण एक मीटरवर आहे. आपणही गुडघा टेकावा, कॅमेरा खाली वाकवू नये. वाकवला की उभ्या रेषा तळाकडे निमुळत्या होतात.

यादीत ‘तामायुरा’चा क्रम दिलेला नाही आणि मधूनच सुरुवात केली तर कॅमेऱ्याशी जडलेले नाते कळत नाही. आधी २०१० चे चार छोटे भाग, मग २०११ ची ‘हितोतोसे’, नंतर २०१३ ची ‘मोअर अ‍ॅग्रेसिव्ह’ आणि शेवटी २०१५-१६ चे चार चित्रपट. पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपले,
छायाचित्रण आणि अ‍ॅनिमे दोन्हींवर जीव असलेले काही वाचक