बाबागाडी घेण्याआधी

शहापूर, बेळगाव

चि. सुहास यास अप्पांचे अनेक आशीर्वाद.

सूनबाई बाळाला घेऊन निपाणीहून अनगोळला यायच्या आत बाबागाडी घरात हवी, असं तू फोनवर म्हणालास आणि चार गाड्यांचे फोटोही पाठवलेस. फोटोवरून गाडी ठरवू नकोस. फोटोत टप दिसतो, कापड दिसतं, बाटली ठेवायचा कप्पा दिसतो. गाडी टिकणार की नाही हे ठरतं सांध्यांवर, पिनांवर आणि चाकांच्या बसणीवर, आणि नेमकं तेच फोटोत नसतं. म्हणून सविस्तर लिहितो आहे. दुकानात जाताना हे पत्र बरोबर ठेव.

आधी बाळाचं बघ, मग गाडीचं. पहिले सहा महिने बाळाची मान आणि पाठ स्वतःचा भार नीट धरत नाही. त्याला अर्धवट बसवलं की डोकं पुढे कलंडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट आवळली जाते. युरोपच्या ईएन १८८८ या मानकात सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पाठ आणि बैठक यांच्यातला कोन निदान १५० अंश हवा असं धरलेलं आहे. म्हणजे पाठ जवळजवळ आडवीच. दुकानदार 'पूर्ण आडवी होते' म्हणेल, पण तू मोबाइलवरच्या कोन मोजायच्या ॲपने बघ. आधी बैठकीवर ठेवून आकडा घे, मग पाठीवर; पाठ बैठकीच्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त उचललेली नको. पाठ नुसत्या कापडाची आणि पट्ट्याने सैल सोडायची असेल तर हाताने दाबून बघ, मध्ये खोलगट झोळी होता कामा नये. खाली घट्ट, सपाट फळी किंवा जाड पुठ्ठ्यासारखा आधार लागला पाहिजे.

त्यातच एक सांगून ठेवतो. तुझी आई प्रेमाने वाकळ घालायला देईल, कोणी मऊ उशी आणेल. गाडीबरोबर आलेल्या गादीवर दुसरं काही घालायचं नाही. मऊ थर वाढला की बाळ त्यात रुततं, आणि पट्टेही मग नीट बसत नाहीत. गाडीत डोळा लागला तर हरकत नाही, पण घरी आल्यावर बाळाला उचलून पाळण्यात किंवा सपाट अंथरुणावर उताणं निजवायचं. रात्रीची झोप गाडीत नको.

वर सांगितलेल्या ईएन १८८८ मानकाचे दोन भाग आहेत. पहिला १५ किलोपर्यंतच्या मुलासाठी, दुसरा २२ किलोपर्यंतच्या. लेबलावर कुठला भाग छापलाय ते वाच. मूल पहिल्या वर्षाच्या शेवटी साधारण नऊ किलोचं होतं आणि तीन-साडेतीन वर्षांचं होईतो गाडी लागते, त्यामुळे १५ चालेल. पण बाजार करून खालच्या टोपलीत भरून आणायचा असेल तर सांगाड्याला जास्तीची ताकद असलेली बरी.

आता सांगाडा. खिशात एक लहान चुंबक घेऊन जा. पाइपाला चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर ॲल्युमिनियम. लोखंड वाईट नाही, पण आपल्याकडे जूनपासून चार महिने हवा ओली असते, आणि गंज पाइपाच्या मधोमध धरत नाही. तो कापलेल्या तोंडाशी आणि रिव्हेटच्या भोकाशी धरतो, कारण तिथे पावडर कोटिंग तुटलेलं असतं. लोखंडी गाडी घेतलीस तर प्रत्येक उघड्या तोंडाला प्लास्टिकचं बूच आहे का बघ. ॲल्युमिनियमची घेतलीस तर पाइप पातळ आहे का ते अंगठ्याने दाबून कळत नाही, त्यासाठी सांधा हलवून बघावा लागतो. मूठ दोन्ही हातांनी धर, मागचं एक चाक पायाने दाबून ठेव आणि मूठ डावी-उजवीकडे पिळ. थोडा लवचिकपणा असणारच. पण 'टक-टक' आवाज आला तर भोक आणि पिन यांच्यात नव्या गाडीतच ढिलाई आहे. ती वाढत जाते. पिन पातळ पाइपाच्या कडेवर घासते, गोल भोक लांबट होतं आणि सहा महिन्यांत गाडी एका बाजूला ओढायला लागते. चांगल्या गाडीत पिन आणि पाइप यांच्यामध्ये नायलॉनचा बुश, म्हणजे नळीसारखं अस्तर, असतो. तू उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत रोज हेच काम बघतोस, तुला नजरेनेच कळेल.

ही तपासणी रिकाम्या गाडीवर करू नकोस. दहा किलोची तांदळाची पिशवी बरोबर घे, ती सीटवर ठेवून पट्टे लाव आणि मग ढकल, वळव, एका हाताने वळव, दुकानाच्या पायरीवरून उतरव. दुकानदार नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

चाकांवर मात्र वेळ घाल. अनगोळातल्या आपल्या बाजूला पेव्हर ब्लॉक आहेत, काही उखडलेले. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाकडे फिरायला नेलंत तर वाटेत गटारावरच्या जाळ्या येतात. सासुरवाडीच्या शेताकडे न्यायची म्हटलं तर काळी माती. तिन्हीकडे लहान, जोडीची प्लास्टिक चाकं फसतात. आडव्या रेट्याने चाक त्याच्या त्रिज्येइतक्या उंच अडथळ्यावर चढूच शकत नाही, मग जोर कितीही लाव. १५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाची त्रिज्या साडेसात. त्यामुळे दहा सेंटिमीटरच्या कडेला ते थटणारच, आणि गाडी पुढे तोंडावर वाकेल. सात सेंटिमीटरच्या दगडावरही धक्का सगळा बाळाला बसतो. म्हणून पुढची चाकं निदान १८ ते २० सेंटिमीटरची आणि मागची २५ च्या पुढची बघ. आणि कड आली की मूठ खाली दाबून पुढची चाकं आधी उचलायची, रेटायचं नाही.

चाकाच्या जातीत तीन पर्याय मिळतील. कडक प्लास्टिक हलकं असतं, पण फरशीवर खडखडतं आणि झिजून त्याला चपटेपणा येतो. ईव्हीए फोमचं, म्हणजे रबरासारख्या भरीव फोमचं, चाक पंक्चर होत नाही, आपल्या गल्लीला पुरेसं आहे आणि मी तेच घे म्हणेन. हवेचा टायर सगळ्यात मऊ, पण बाभळीचा काटा त्याला सोडत नाही. हवेची घेतलीसच तर टायरवर १२ १/२ × २ १/४ असा आकडा आहे का बघ. तीच मापाची ट्यूब लहान मुलांच्या सायकलीत असते, म्हणजे सायकलच्या दुकानात मिळते. फक्त व्हॉल्व्ह वाकडा मागायचा, सरळ व्हॉल्व्ह स्पोक किंवा हबला अडतो. हवा टायरच्या बाजूवर छापली आहे तितकीच. सायकलवाला सवयीने जास्त भरतो, मग टायर दगडासारखा उडतो आणि मऊपणासाठी दिलेले पैसे वाया जातात.

चाक आणि त्याला धरणारा सांगाड्याचा काटा (फोर्क) यांच्यामध्ये एक बोट सहज जाईल एवढी फट हवी. चिकोडी-निपाणीकडची काळी माती ओली झाली की चाकाला लपेटते, फट अरुंद असेल तर ती तिथेच दाटते आणि चाक फिरायचं थांबून घासत जातं. आपली जांभ्याची लाल माती तशी चिकटत नाही, पण बारीक असते आणि बेअरिंगमध्ये शिरते. म्हणून चाकाच्या मध्यावर झाकण असलं पाहिजे. आणि बेअरिंगला तेल घालू नकोस! तेलात माती मिसळून घासणीचा लगदा होतो. सुकं सिलिकॉन स्प्रे वापर, ब्रेकवर अजिबात न उडवता. पुढचं वळतं चाक दर पंधरा दिवसांनी काढ, त्याच्या आसावर केस आणि धागे गुंडाळतात. खडबडीत वाटेवर त्या चाकाचं वळणं कुलूप लावून थांबवता येतं का तेही बघ. लॉक नसेल तर चाकं दगडागणिक आडवी होऊन थरथरतात.

घडीविषयी. छत्रीसारखी मिटणारी गाडी ओवेन मॅक्लारेन या विमानाच्या रचनाकाराने १९६५ साली बनवली. ती हलकी आणि सुटसुटीत, पण पाठ पूर्ण आडवी होत नसल्याने सहा महिन्यांच्या आत तशी गाडी नको. त्या प्रकारात कात्रीसारखे सांधे असतात आणि बोट त्यात सापडतं. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत याच मॅक्लारेनच्या नावाच्या कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या बारा तक्रारी आल्या होत्या. नंतर कंपनीने सांध्यांवर बसवायची झाकणं दिली. तेव्हा तू घेशील त्या गाडीत सांध्यावर झाकण आहे का पाहा, आणि उघडताना किंवा मिटताना बाळ दुसऱ्याच्या कडेवर असू दे, जवळ चालणारं पोर नको. उघडल्यावर 'खट' आवाज झाला म्हणजे लॉक लागलं असं धरू नकोस. दोन लॉक वेगवेगळे हवेत, आणि दोन्ही लागल्यावर मूठ वर खेचून, खाली दाबून बघ.

ब्रेक एकाच पायाने दोन्ही मागच्या चाकांवर लागावा. आत एक पिन चाकाच्या दात्यात पडते, ती दात्यावर अडकली तर वरून ब्रेक लागल्यासारखा दिसतो आणि गाडी दोन बोटं सरकल्यावर थांबते. म्हणून ब्रेक लावल्यावर गाडी हलवून बघायची सवय लावा. तांदळाच्या पिशवीसह उतारावर उभी कर, कपिलेश्वर उड्डाणपुलावर वाहनांत नव्हे, पार्किंगच्या रॅम्पवर. तोंड उताराकडे करून हात जवळ ठेवून सोड, मग उलटं तोंड करून सोड.

पट्टे पाच टोकांचेच हवेत: दोन खांद्यांवरचे, दोन कमरेचे, एक मांड्यांमधला. खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या उंचीवर आणि छातीशी फार तर दोन बोटं जातील इतके घट्ट. मांड्यांमधला पट्टा सोडून दिला की मूल खाली घसरतं आणि मान पट्ट्यात अडकते. बकल मोठ्या माणसाला एका हाताने सुटावं, पण दोन वर्षांच्या पोराला जोर लागावा. उन्हात लोखंडी बकल तापतं, लावण्याआधी हात लावून बघायचं. ऊन आहे म्हणून जाड दुपटं टपावरून सोडून गाडी झाकायची नाही, आत हवा खेळत नाही आणि ती गाडीबाहेरच्या हवेपेक्षा गरम होते. टप मोठा घ्या, वर जाळीची खिडकी असलेला.

सूनबाईंना विशेष सांग, मुठीला पिशवी टांगू नये. हिशेब करून दाखवतो. मूठ मागच्या आसाच्या साधारण ३० सेंटिमीटर मागे असते. तिथे ५ किलोची पिशवी टांगली की मागे ओढणारा जोर (किलो गुणिले सेंटिमीटर) १५० होतो. बाळ ४ किलोचं, आसाच्या २५ सेंटिमीटर पुढे, म्हणजे १००. गाडी ७ किलोची, तिचा भार आसाच्या १५ सेंटिमीटर पुढे धरला तर १०५. बाळ आत असताना २०५ विरुद्ध १५० म्हणून गाडी उभी राहते. बाळाला उचललं की १०५ विरुद्ध १५०, गाडी मागे पडते. भाजी खालच्या टोपलीत ठेवायची, तीही टोपलीवर लिहिलेल्या वजनापर्यंतच, बहुतेक गाड्यांत दोन ते पाच किलो.

उंची दोन कारणांनी महत्त्वाची. जमिनीपासून ५० सेंटिमीटरच्या वर बसलेलं बाळ रिक्षा-दुचाकीच्या धुराड्याच्या तोंडासमोर कमी येतं, आणि तुम्हाला वाकावं लागत नाही. मूठ तुझ्या आणि सूनबाईंच्या दोघांच्या उंचीला जुळवता आली पाहिजे. रस्ता ओलांडताना गाडी तुझ्या आधी रस्त्यात जाते हे विसरू नकोस. उभ्या वाहनांच्या मधून ढकलायची नाही, बाजूला थांबून दोन्हीकडे बघून मग पुढे. मुठीला दोरी असेल तर ती मनगटात घाल, विशेषतः उतारावर.

मापं आधी काढ. तुमच्या दाराची रुंदी, कारच्या डिकीची लांबी, लिफ्ट. साध्या गाडीची रुंदी ५० ते ६० सेंटिमीटर, वजन पाचपासून बारा किलोपर्यंत. तुझ्या जिन्यावरून रोज कोण वाहून नेणार ते ठरव, दोन किलोचा फरक बाळासकट फार वाटतो.

पाऊस लागला की गाडी ओली घडी करून ठेवू नकोस, कापडाला दोन दिवसांत बुरशी धरते. कापड निघतं का आणि धुता येतं का हे आधी विचार. कोल्हापूरला की आपल्याच शहरात, कुठे घ्यायची, असं विचारलंस. जिथे चाक, बकल आणि टपाच्या पट्ट्या सुट्या मिळतात तिथे घे. जुनी कोणी देऊ केली तर नाकारू नकोस, पण पट्टे उन्हाने पांढरे पडले असतील किंवा रिव्हेटच्या जागी कुणी साधा स्क्रू घातला असेल तर घेऊ नकोस. तो स्क्रू कापला जातो. बारशाला वॉकर आला तर गोड बोलून परत कर. कॅनडाने २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी घातली आहे, कारण मुलं त्यातून जिन्यावरून आणि चुलीजवळ जातात. पुढे मूल उभं राहायला लागेल तेव्हा सुताराकडून पांगुळगाडा करून घे, तो सपाट जागेत आणि कोणाची नजर असतानाच वापरायचा.

पैसे सांगाडा, ब्रेक आणि चाकांत घाल. कपाचा होल्डर, चार रंगांची कव्हरं हे नंतरही घेता येतं. बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घे, तो मागच्या पाइपाच्या स्टिकरवर असतो. स्टिकर पुसला जातो, म्हणून त्याचा फोटोही काढ. कधी गाडी परत बोलावली किंवा सुटा भाग मागवायचा झाला तर तोच नंबर विचारतात. तू ठरवलेल्या गाडीच्या सांध्याचा आणि मागच्या आसाचा जवळून फोटो पाठव, त्यावरून माझं मत कळवतो. सूनबाईंना आणि बाळाला आशीर्वाद.

तुझे,
अप्पा