मनू, दार उघड म्हणत नाहीये, फक्त वाच

मनू,

तू दार लावून घेतलंस तेव्हा ठोठावायला हात वर केला होता मी, मग म्हणलं नको, लिहूनच काढावं, बोलायला गेलं की आपल्या दोघींचंही डोकं तापतं. ब्रेसचा, त्या पाठीचा बाक वाढू नये म्हणून घालायच्या पट्ट्याचा, विषय आज काढणार नाहीये. खरंच.

"तुला सगळं माझ्यात वाकडंच दिसतं" म्हणालीस ते लागलं मला, पण असू दे. त्या दिवशी तू बुटाची लेस बांधायला वाकलेलीस, मी मागेच उभी, टीशर्ट पाठीवर ताणला गेला आणि उजव्या बाजूच्या फासळ्या डावीपेक्षा वर आलेल्या दिसल्या. सरळ उभी राहिलीस की काहीच नाही, फक्त खांदा एक जरा वर आणि कुर्ता डावीकडे लांब. आत्या म्हणायची पोक काढून बसते, दप्तर एका खांद्यावर घेते म्हणून होतंय. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं ना, दप्तराने नाही, बसण्याने नाही, तुझ्या वयात होणाऱ्या बहुतेक स्कोलिओसिसचं, म्हणजे पाठीचा कणा असा बाजूला वाकण्याचं, कारण सापडतच नाही, कधी कधी घराण्यात असतं एवढंच. मी ते आत्याला शब्दन् शब्द कळवलंय. ती गप्प बसली, म्हणजे बघ.

आणि तू तिथे काय सुंदर बोललीस गं. मी खुर्चीत घाम पुसत बसलेली आणि तू विचारतेस, हे २८ डिग्री मोजलं कसं. मग त्यांनी एक्स-रेवर सगळ्यात कललेला वरचा मणका आणि सगळ्यात कललेला खालचा मणका दाखवून दोन रेघा मारल्या, त्यांच्यातला कोन म्हणजे तुझे २८. १० च्या आत असेल तर स्कोलिओसिस म्हणतच नाहीत, म्हणाले. बाबांना घरी आल्यावर तूच काढून दाखवलंस वहीत. माझ्या तर डोक्यात तेव्हा फक्त ती रिसर वन वाली गोष्ट घुमत होती, की कमरेच्या हाडाची कड आत्ताशी भरायला लागलीये म्हणजे तुझी उंची अजून बरीच वाढायचीये, आणि बाक वाढतो तो उंची झपाट्याने वाढते त्याच काळात. म्हणून ब्रेस आत्ताच घालायचा, वाढ संपल्यावर घालून उपयोग नाही.

काढलाच विषय. बरं आता काढलाय तर ऐक.

२०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या दवाखान्यांनी मिळून केलेला एक मोठा अभ्यास आहे, तुझ्याच वयाच्या मुलामुलींचा. ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० डिग्रीच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलं त्यांच्यात ४८ टक्के. तू लगेच म्हणशील बघ, निम्म्यांचं तर न घालताच भागलं. हो, भागलं. पण आपण कुठल्या निम्म्यात ते आधी कुणाला कळतंय मनू? ५० च्या पुढे गेलं की ऑपरेशनची भाषा सुरू होते. ज्यांनी रोज सरासरी १३ तासांच्या वर घातला त्यांच्यात ९० टक्क्यांहून जास्त जणांचं जमलं. आपल्याला १८ तास सांगितलेत, त्यात झोपेचे तासही धरलेत, खेळताना आणि आंघोळीला काढायचा. तो पाठ सरळ करणार नाही, आहे तिथे थांबवायचा प्रयत्न करणार, हेही मी तुझ्यापासून लपवणार नाही.

झालं माझं लेक्चर, सॉरी. तू आता डोळे फिरवले असणार.

लहान असताना तुला प्लॅस्टर घातलेलं आठवतं का, मनगटाचं? दादाने त्याच्यावर बस काढलेली आणि तू ते कापायला निघाले तर रडून गोंधळ घातलास की माझी बस, माझी बस, शेवटी तो तुकडा घरी आणला आपण, अजून माळ्यावर असेल, बाबा काही टाकू देत नाहीत. मला माहितीये हे तसं नाही. तेव्हा सगळ्यांना दाखवत फिरायचीस आणि आता कुणाला कळू नये असं वाटतंय. मला चौदाव्या वर्षी नुसता चष्मा लागला तर मी फळ्यावरचं न दिसता बसायचे वर्गात, तुला कुठल्या तोंडाने सांगू. पण चष्मा नंतर लावला तरी चालतो गं, याचं तसं नाहीये. तेवढंच भीतीचं आहे, दुसरं काही नाही.

तू शाळेत कुणाला सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी वर्गशिक्षिकेशीसुद्धा तुला विचारल्याशिवाय बोलणार नाही. उसेन बोल्टला पण स्कोलिओसिस आहे, तरी १०० मीटर ९.५८ मध्ये पळाला, हे बाबांनी शोधून काढलंय आणि ते तुला जेवताना सांगणार आहेत, तेव्हा पहिल्यांदाच ऐकतेयस असं दाखव प्लीज.

शनिवारी माप द्यायला जायचंय. आत घालायला शिवण न टोचणारे पातळ बनियन लागतील, ते तूच निवड. ब्रेस काखेत किंवा कमरेला टोचला, कातडी लाल झाली तर त्याच दिवशी सांगायचं, सहन करत बसायचं नाही, ते घासून ठीक करून देतात. सहा महिन्यांनी परत एक्स-रे आहे, तोपर्यंत मी रोज पाठ बघत बसणार नाही. प्रयत्न करेन.

बरोबर मी येऊ की बाबा, ते सांग. बाबा हवे असतील तर मला वाईट वाटणार नाही, थोडंच वाटेल.

आणि ताट झाकून ठेवलंय.

आई