नान्या, यापुढे मला "काही नाही रे" म्हणू नकोस

प्रिय नान्या,

रागावला असशील, आणि तुझं रागावणं रास्त आहे. वहिनींनी परवा मीनाला विचारलंच, "भाऊजींचं आणि ह्यांचं काही बिनसलंय का?" बिनसलेलं काही नाही. फोन मी मुद्दाम करत नाही. का करत नाही ते फोनवर सांगायला गेलो असतो तर पुन्हा तेच झालं असतं, म्हणून पत्र. एवढं लांब पत्र याआधी तुला हॉस्टेल सोडल्यावर लिहिलं होतं, ते शिव्या घालायला.

प्रकृती ठीक. वजन स्थिर, बीपीची गोळी चालू, केमोने आलेली बोटांची बधिरता होती तेवढीच आहे. झालं.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात सीईएचा, म्हणजे आतड्याचा कर्करोग परत आलाय का ते बघायच्या त्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आला. मेसेज सकाळी आला आणि मी तो संध्याकाळी उघडला. मीनाला सांगितलं तर म्हणाली, "बरं, मग?" तिचं चूक नाही. पण तुला माहीत आहे, लॅबवाला "दुपारनंतर मिळेल" म्हणाला की मी उजाडल्यापासून फोन मुठीत धरून बसायचो, आणि पलीकडे तू. आकडा चांगला आला तरी माझं सुरू, "मागे 1.9 होता, आता 2.3 कसा?" त्यावर तुझं ठरलेलं, "काही नाही रे, पाचच्या आत आहे ना? माझा मोज, तुझ्या दुप्पट निघेल." (सिगारेट ओढणाऱ्यांचा सीईए मुळातच थोडा वर असू शकतो, तेव्हा तुझा विनोद शास्त्रशुद्ध होता. सोड ती सिगारेट.)

ते "काही नाही रे" कानावर पडलं की मी सुटायचो. पण किती वेळ? पोटात पुन्हा गुरगुरलं की पुन्हा फोन. तू मीटिंगमध्ये असलास, झोपलेला असलास, चिन्मयच्या शाळेत असलास, तरी उचलायचास. एकदाच चिडलास, तेही "अरे, तुझ्या पोटाचं बुलेटिन आहे का हे?" म्हणून. मी महिनाभर बोललो नव्हतो. वाक्य मात्र चांगलं होतं.

शेवटी कॅन्सरच्या डॉक्टरांनीच एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे चिठ्ठी दिली. मला वाटलं, आता सकारात्मक राहायचे धडे मिळणार. तसं झालं असतं तर तू पाठवलेल्या त्या जादूच्या रसाच्या लेखासारखंच त्यांनाही फाडून ठेवलं असतं. (त्या रसाचं मी अजून विसरलेलो नाही.) पण बाईंनी बसल्याबसल्या सांगितलं, "आजार परत येणारच नाही असं मी म्हणणार नाही. तसं कुणीच म्हणू शकत नाही. ते गृहीत धरून बोलू." नान्या, ऑपरेशनपासून लोकांनी इतका धीर दिला, पण इतकं बरं मला त्या एका वाक्याने वाटलं.

मग म्हणाल्या, भीती वाटली की तुम्ही नेमकं काय करता? मी सांगत गेलो. पोट दाबून बघतो, वजनकाट्यावर चढतो, इंटरनेटवर वाचतो, नान्याला फोन करतो. त्यांनी बरोबर तुझ्यावर बोट ठेवलं. माझ्या केसपेपरवर तुझं नाव आहे, लेका.

त्यांचं म्हणणं असं, की तू धीर दिलास की भीती उतरते, आणि डोकं शिकतं की भीती उतरवायला नान्या लागतो. पुढच्या खेपेला तो आणखी लवकर लागतो. मी वाद घातला. म्हटलं, काळजी केली नाही तर वेळेत कळणार कसं? त्यांनी विचारलं, पहिल्यांदा काळजीमुळे कळलं होतं का? काय बोलणार! तुला आठवतंय, दम लागतो म्हणून रक्त तपासलं, हिमोग्लोबिन घसरलेलं निघालं आणि त्यातून आतड्याचं उघडकीला आलं. तेव्हा मी एका पैची काळजी करत नव्हतो. आत्ताही परत आलं तर ते पकडायला सीईए, स्कॅन आणि कोलोनोस्कोपी आहे. माझ्या रात्री जागण्याचा त्यात काडीचा हात नाही.

माझा स्वभाव तुला ठाऊक, मी हे सगळं शोधून वाचलं. सिडनीच्या मानसशास्त्रज्ञ फिलिस ब्युटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बांधली, नाव 'कॉन्करफिअर'. (नाव ऐकून टूथपेस्ट वाटते.) 10 आठवड्यांत 5 बैठका. स्तनाचा, आतड्याचा कर्करोग किंवा मेलानोमा (त्वचेचा कर्करोग) होऊन उपचार संपलेल्या 222 जणांवर चाचणी झाली, 2017 साली छापून आली. साधारण अर्ध्यांना ही पद्धत, बाकीच्यांना नुसतं शरीर सैल सोडायला शिकवलं. ही पद्धत शिकलेल्यांची भीती जास्त उतरली आणि सहा महिन्यांनीही फरक टिकून होता. भीती पुसली गेली असं कुणीही म्हटलेलं नाही, म्हणून मी विश्वास ठेवला. आणखी एक वाचून गंमत वाटली. आजार कुठल्या स्टेजचा होता याच्याशी या भीतीचा फारसा संबंध लागत नाही. म्हणजे 'तुझं तर लवकर सापडलं, मग कसली भीती?' या तुझ्या युक्तिवादात दम नव्हता.

यातला एक व्यायाम ऐक. एका ठिकाणी नजर लावून बसायचं आणि आवाज ऐकायचे. आधी फक्त पंखा. मग पंखा सोडून घड्याळ. मग बाहेरची गाडी, गळका नळ. मग भराभर एकावरून दुसऱ्यावर उडी, आणि शेवटी सगळे एकदम. अवघी दहा-बारा मिनिटं, पण डोक्याला घाम फुटतो. आराम वाटावा म्हणून हे नाही, असं बाईंनी बजावलंय. लक्ष कुठे ठेवायचं ते आपल्या हातात आहे हे कळावं म्हणून आहे. सुरुवातीला मी चक्क झोपलो. तू म्हणशील, लेक्चरमध्ये वेगळं काय करायचास?

मध्यंतरी एका रात्री उजव्या बाजूला दुखायला लागलं. तीच जागा. 'आलं परत' असं मनात आलं. तुझा नंबर काढला आणि फोन पालथा ठेवला. तो विचार ढकलायचा नाही, त्याच्याशी भांडायचंही नाही, आहे तिथे असू द्यायचा, असं शिकवलंय. तो गेला नाही. पहाटेपर्यंत होता. पण मी त्याच्या मागे गेलो नाही, पोट एकदाही दाबलं नाही. डॉक्टरांनी कपाटाला चिकटवायला तीन शब्द दिलेत: नवीन, टिकणारं, वाढणारं. दोन आठवडे राहिलं तर दाखवायचं. रक्त दिसलं तर मात्र लगेच. ते दुखणं दोन दिवसांत गेलं.

तर आता तुझं काम. पुढच्या महिन्यात स्कॅन आहे. मी घसरणार आणि तुला फोन करणार, हे मला आत्ताच दिसतंय. तेव्हा "काही नाही रे" म्हणायचं नाही. "भीती वाटतेय ना? वाटू दे," एवढंच म्हण आणि मग तुझ्या साहेबाचं गाऱ्हाणं सांगत बस. तुला जड जाईल. ऑपरेशनच्या दिवशी काही माहीत नसतानाही तू "काही नाही रे" दहा वेळा म्हणालास, आणि त्यातलं निम्मं स्वतःसाठी होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

तुझा गुडघा काय म्हणतो? चिन्मयच्या नोकरीचं झालं का? आईंना नमस्कार, वहिनींना सांग की भांडण नाही.

तुझा,
विश्या

ता. क. बाईंनी विचारलं होतं, भीतीपायी काय काय करायचं सोडलंत? मासिकाची वर्गणीसुद्धा मी एकाच वर्षाची भरायचो, यावेळी तीन वर्षांची भरली. आणि दुसरं म्हणजे आपली दुर्बीण. तिच्या आरशाची सहा इंची काच तुझ्याकडेच आहे ना, की दिलीस टाकून? मी कार्बोरंडम (काच घासायची पूड) मागवलंय, 80 नंबरपासून पुन्हा घासावी लागेल, कारण त्या चऱ्यावर पॉलिश चढणार नाही. आणि तो चरा तूच पाडला होतास.