टाकीतली झाडे लावतानाच मरतात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोठे मत्स्यालय हौसेने मांडले जाते आणि दोन-तीन महिन्यांत त्यातली जिवंत झाडे जाऊन प्लास्टिकची येतात. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि भारी दिवे नसतील तर पाण्यात झाडे जगतच नाहीत, असा समज पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे. सोशिक झाडे निवडली आणि ती नीट लावली, तर माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि साधा एलईडी दिवा यांवर ती वर्षानुवर्षे टिकतात.

पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी धरू. एवढ्या खोल पाण्यात वरचा उजेड तळापर्यंत जाताना बराच मंदावतो. म्हणून गालिच्यासारखी पसरणारी बुटकी झाडे आणि लालभडक पानांची झाडे कितीही मोहात पाडत असली तरी सुरुवातीला घेऊ नयेत. मंद उजेडात ती आधी विरळ होतात, मग सडतात.

सर्वांत भरवशाची दोन झाडे म्हणजे अनुबियास आणि जावा फर्न. नेमकी हीच सर्वाधिक मारली जातात, कारण ती रेतीत पुरली जातात. दोन्हींचे खोड आडवे, जाड आणि हिरवट असते. त्यातून वर पाने आणि खाली मुळ्या फुटतात. हे खोड रेतीखाली गेले की कुजते. ते दगडाला किंवा लाकडाच्या ओंडक्याला सुती दोऱ्याने सैल बांधावे, किंवा सायनोअॅक्रिलेटच्या (सुपरग्लूच्या) जेल गोंदाचा थेंब लावून चिकटवावे. काही आठवड्यांत मुळ्या स्वतःच धरून घेतात. झाड जिवंत आहे का ही शंका आली, तर खोड नखाने दाबून पाहावे. टणक लागले तर ते नवी पाने काढेल. मऊ पडून वास येत असेल तर तेवढा भाग धारदार पात्याने कापून टाकावा. जावा फर्नच्या पानाखाली काळपट-तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या की रोग समजून पाने छाटली जातात. ते बीजाणूंचे पुंजके असतात. जुन्या पानांवर इवली रोपेही फुटतात, ती तशीच वाढू द्यावीत.

मागच्या काचेलगत व्हॅलिसनेरिया हवी. दोन-दोन इंचांवर लावली तर पाच फुटांना पंचवीस-तीस रोपे पुरतात. पुढे ती आडवे फुटवे सोडून स्वतःच दाटतात. मूळ आणि पाने जिथे मिळतात तो पांढरा गाभा रेतीच्या वर दिसला पाहिजे. 'द्रवरूप कार्बन' म्हणून मिळणाऱ्या ग्लुटाराल्डिहाइडच्या औषधाने ही वनस्पती विरघळते, तेव्हा ते या टाकीत घालू नये.

मधल्या भागात क्रिप्टोकोरिनची दहा-पंधरा रोपे लावावीत, त्यातही वेंडटी ही जात. लावल्यावर आठ-दहा दिवसांत तिची पाने काचेसारखी पारदर्शक होऊन गळतात, आणि बहुतेक लोक तेव्हाच रोप उपटून फेकतात. रोपवाटिकेत ही झाडे बहुधा दमट हवेत वाढवलेली असतात. हवेतली पाने पाण्यात टिकत नाहीत. गळलेली पाने तेवढी काढावीत, मुळांना हात लावू नये. तीन-चार आठवड्यांत पाण्यातली नवी पाने येतात. सारखे उपटून जागा बदलणे या झाडाला अजिबात मानवत नाही.

अॅमेझॉन सोर्ड दीड फुटापर्यंत फोफावते, म्हणून दोन-तीनच पुरेत. त्याची भूक मुळांतून भागते. दर दोन-तीन महिन्यांनी मुळाशी खताची एक गोळी खोल दाबावी. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर लोह कमी पडते आहे. सबंध तळाला अडीच इंच रेती घालायची तर सुमारे नव्वद किलो लागते. तेवढे वजन नको असेल तर सोर्ड आणि क्रिप्टोकोरिन मातीच्या कुंड्यांत रेती भरून लावावीत.

पहिले दोन महिने शेवाळाचा त्रास ठरलेला असतो, कारण ही झाडे हळू वाढतात आणि पाण्यातले पोषण शेवाळाला मिळते. तेवढ्यासाठी भरभर वाढणारे हॉर्नवर्ट पहिल्याच दिवशी भरपूर सोडावे. त्याला मुळेच नसतात. नव्या पाण्यात त्याच्या सुया झडतात, म्हणून फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावावा. मनी प्लांटच्या फांद्या मुळे पाण्यात आणि पाने बाहेर अशा काठावर अडकवल्या तर माशांच्या विष्ठेतून पाण्यात साठणारे नायट्रेट झपाट्याने ओढले जाते. दिवा सुरुवातीला टायमरवर सहा तास, पुढे फार तर आठ. झाडे पिवळी दिसली की दिवा बारा तास लावला जातो आणि फक्त शेवाळ फोफावते.

लकी बांबू मात्र पाण्यात बुडवू नये. ती ड्रसीनाची जात आहे, बांबू नव्हे आणि पाणवनस्पतीही नव्हे. पाने पाण्याखाली राहिली की सावकाश सडून पाणी बिघडवते. टाकीत गोल्डफिश किंवा सिल्व्हर डॉलर हे मासे असतील तर कोवळी पाने खाल्ली जातात, ऑस्कर मासा रेती उकरतो. अशा टाकीत ओंडक्याला बांधलेले अनुबियास आणि जावा फर्न एवढ्यावरच थांबावे.

छाटलेले हॉर्नवर्ट, व्हॅलिसनेरियाचे फुटवे, तरंगणारी झाडे नदी-तलावात किंवा गटारात कधीही टाकू नयेत. मूळची दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी शोभेची म्हणूनच जगभर नेली गेली, आणि तिने तळी कशी गिळली ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. छाटणी उन्हात कुरकुरीत वाळवावी आणि मग कुंडीच्या खतात मिसळावी.

आपला,
एक वाचक