तक्रार पत्र : ४६ ऑफिस परवान्यांचे ॲक्टिव्हेशन ऐन मार्चअखेर बंद पडल्याबाबत

प्रति,
मा. संचालक, विक्री व सेवा विभाग

प्रेषक :
मुख्य व्यवस्थापक, नागरी सहकारी पतसंस्था,
मुख्य कार्यालय, तासगाव, जि. सांगली

एप्रिल २०२६

विषय : मायक्रोसॉफ्ट ऑफिस एलटीएससी २०२४ ची सदोष बसवणूक आणि परवाने संस्थेच्या नावे असल्याचा पुरावा न मिळणे

महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या कंपनीकडून घेतलेले ऑफिस सॉफ्टवेअर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मुख्य कार्यालयात आणि पाठोपाठ नऊही शाखांमध्ये ‘अनलायसन्स्ड प्रॉडक्ट’ असे दाखवू लागले. फोन झाले, ई-मेल झाले. आपल्या हेल्पडेस्कने जी उत्तरे दिली ती पाहता लेखी तक्रारीवाचून गत्यंतर उरलेले नाही. पत्र थोडे लांबणार आहे, कारण नेमके काय बिघडले हे आपल्याच माणसांना समजलेले दिसत नाही. किंवा समजले आहे आणि सांगायचे नाही.

आमच्याकडे काही संगणकांवर ऑफिस २०१० होते, काहींवर २०१६. ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता. त्याआधी सगळीकडे एकच आवृत्ती बसवावी असा ठराव संचालक मंडळाने केला. दरवर्षी वर्गणी भरत बसायचे नाही, एकदा घेतले की संस्थेचे, या विचाराने एलटीएससी २०२४ निवडले. त्याला ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत सपोर्ट आहे असे आपल्या प्रतिनिधीने सांगितले होते, आणि ते खरेच आहे. खरेदी आदेशात आम्ही स्पष्ट लिहिले होते की आवृत्ती ३२-बिट हवी, जुने ऑफिस पूर्ण काढून टाकावे, मराठीची मुद्रितशोधन साधने बसवावीत, आणि परवाने संस्थेच्या नावे नोंदवून त्यांचा ताबा संस्थेकडे द्यावा. यातले एकही काम धड झालेले नाही.

सगळ्यात गंभीर बाब ॲक्टिव्हेशनची, म्हणून ती आधी.

सप्टेंबरच्या अखेरीस आपले इंजिनिअर आले. मुख्य कार्यालयातले १४ संगणक करून ते एकेका शाखेत गेले. काम झाल्यावर प्रत्येक संगणकावर ‘प्रॉडक्ट ॲक्टिव्हेटेड’ असे दिसत होते, ते पाहून आमच्या शाखाधिकाऱ्यांनी पूर्तता पत्रकावर सह्या केल्या. सहा महिने कोणाची तक्रार नव्हती. मग मार्चअखेरीस मुख्य कार्यालयात ती सूचना आली, नंतर विटा, मग पलूस, मिरज, कवठेमहांकाळ, शेवटी जत. आमच्या संगणक विभागातील सहकाऱ्याने हा क्रम आपल्या इंजिनिअरच्या भेटींच्या नोंदींशी ताडून पाहिला. ज्या क्रमाने ते फिरले, त्याच क्रमाने संगणक बंद पडत गेले.

त्याने पुढे प्रत्येक संगणकावर परवान्याची स्थिती दाखवणारी आज्ञा चालवली. ऑफिसबरोबरच येणारी ओएसपीपी नावाची स्क्रिप्ट ते सांगते. त्यासाठी कोणतेही वेगळे साधन लागत नाही, आपल्या हेल्पडेस्कलाही ते करता आले असते. उत्तर सगळीकडे एकच : परवाना ‘केएमएस क्लायंट’ प्रकारचा (म्हणजे नेटवर्कमधल्या केएमएस सर्व्हरवरून ॲक्टिव्हेट होणारा) आणि केएमएस सर्व्हर म्हणून हाताने भरलेला एक पत्ता. तो पत्ता आमच्या कार्यालयातल्या कोणत्याही यंत्राचा नाही. पुन्हा ॲक्टिव्हेट करायला गेले की केएमएस सर्व्हरशी संपर्क होत नाही, असा एरर येतो. आपल्या इंजिनिअरने स्वतःच्या लॅपटॉपवर केएमएस सर्व्हर चालवून आमचे संगणक त्यावर ॲक्टिव्हेट केले आणि लॅपटॉप बॅगेत घालून ते निघून गेले, याखेरीज दुसरा अर्थ आम्हाला लागत नाही.

केएमएसवर झालेले ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकते. तेवढ्या काळात संगणकाने संस्थेच्या नेटवर्कमधल्या त्या सर्व्हरशी पुन्हा संपर्क साधून मुदत वाढवून घ्यायची असते आणि साधारण दर सात दिवसांनी तो तसा प्रयत्न करतो. म्हणजे आमचे ४६ संगणक ऑक्टोबरपासून दर आठवड्याला त्या लॅपटॉपला हाका मारत होते आणि ओ देणारे कोणी नव्हते. सप्टेंबरच्या अखेरीत १८० दिवस मिळवले की कोणता आठवडा येतो, हे आमच्या कॅशिअरनेसुद्धा बोटांवर मोजून सांगितले.

तो आठवडा आमच्यासाठी काय असतो हे आपल्याला माहीत असायला हवे. सहकारी संस्थांना सेवा देण्याचा अनुभव असल्याचे आपल्या माहितीपत्रकात छापलेले आहे. ३१ मार्चला वर्ष बंद होते. या भागातल्या सभासदांच्या हातात बेदाण्याचे पैसे येतात तेही याच सुमारास, त्यामुळे थकबाकीची मोठी वसुली तेव्हाच होते आणि नोटिसांचे सगळे काम एक्सेलच्या यादीवरून वर्डमध्ये मेल मर्ज करून निघते. फाइल उघडली की आधी चौकट, चौकट बंद केली की वर पट्टी. दोन शाखांत कर्मचाऱ्यांनी व्हायरस आला असे समजून संगणकच बंद करून ठेवले. त्यांना दोष देता येणार नाही. पैशाचे व्यवहार ज्या यंत्रावर चालतात तिथे अनोळखी इशारा दिसला की हात लावू नका, हे आम्हीच त्यांना शिकवले आहे.

मुळात आमच्यासाठी केएमएस ही पद्धतच गैरलागू होती. ऑफिससाठी केएमएस सर्व्हरकडे किमान पाच संगणकांची मागणी नोंदल्याशिवाय तो एकही ॲक्टिव्हेशन देत नाही. आमच्या कोणत्याही शाखेत चारांहून अधिक संगणक नाहीत आणि शाखा मुख्य कार्यालयाच्या नेटवर्कला जोडलेल्या नाहीत. कोअर बँकिंग प्रत्येक शाखा स्वतंत्र इंटरनेटवरून वापरते. ही माहिती आपल्या प्रतिनिधीने सर्वेक्षणाच्या अर्जात स्वतःच्या हाताने भरून नेली होती. अशा ठिकाणी एमएके की द्यायची असते : प्रत्येक संगणक एकदा मायक्रोसॉफ्टकडून इंटरनेटवर किंवा फोनवर ॲक्टिव्हेट होतो, सर्व्हर लागत नाही, मुदतवाढीचा प्रश्न येत नाही. मुख्य कार्यालयातले १४ संगणक आधी केल्यामुळे लॅपटॉपवरची पाचाची अट पूर्ण झाली आणि मग तोच लॅपटॉप तीन-चार संगणकांच्या शाखांतही चालला. ज्याला एवढे जमते त्याला हे सहा महिन्यांनी कोसळणार हे ठाऊक नसेल, असे आम्ही मानत नाही.

आता हेल्पडेस्कविषयी. पहिल्यांदा सांगितले गेले की इंटरनेट संथ आहे. नंतर सांगितले की अँटिव्हायरस अडवत असेल, तो काढा. त्यानंतर वार्षिक देखभाल करार केलेला नसल्याने प्रति संगणक ‘री-ॲक्टिव्हेशन शुल्क’ पडेल, असा ई-मेल आला. विकत घेतलेल्या कायमस्वरूपी परवान्याला सहा महिन्यांनी पुन्हा शुल्क कसले, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. पण खरा धक्का त्यापुढचा. आपल्या एका कर्मचाऱ्याने रिमोटवरून आमच्या मिरज शाखेच्या संगणकात एक झिप फाइल टाकली आणि ती चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले. शाखाधिकाऱ्यांनी नकार दिला आणि आम्हाला फोन केला, म्हणून ते टळले. ती फाइल म्हणजे इंटरनेटवर फुकट फिरणारे ॲक्टिव्हेशनचे बेकायदा साधन होते. अँटिव्हायरसने त्याच नावाने ती पकडलेली आहे आणि तो अहवाल सोबत जोडला आहे.

हा प्रकार आम्ही सेवेतील त्रुटी समजत नाही. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणीवपूर्वक वापरणाऱ्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संगणक आमचे आणि वापरणारे आमचे कर्मचारी. राखीव १० टक्के सोडून बाकी सगळी रक्कम १८ टक्के जीएसटीसह पावतीवर मोजूनही आमच्याच लोकांना या धोक्यात ढकलण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

यातूनच मूळ प्रश्न उभा राहतो. आपण आम्हाला नक्की काय विकले? बिलावर ‘व्हॉल्यूम लायसन्स (संस्थांसाठीचा एकगठ्ठा परवाना), ४६ नग’ असे आहे. व्हॉल्यूम परवाना घेतला की ग्राहकाच्या नावाचे खाते मायक्रोसॉफ्टच्या ॲडमिन सेंटरमध्ये असते आणि खरेदी केलेली उत्पादने, डाउनलोड व कीज तिथे दिसतात. आमच्या नावाचे असे खाते उघडले आहे असे आपण सांगता, पण त्याचा ग्लोबल ॲडमिन, म्हणजे खात्याचे सर्वाधिकार असलेला, आपल्या कंपनीतला कर्मचारी असून लॉगिन मागितले की ‘धोरणात बसत नाही’ असे उत्तर येते. जमिनीचे पैसे आम्ही द्यायचे आणि सातबाऱ्यावर नाव मात्र मध्यस्थाचे, असा हा व्यवहार झाला. त्या खात्यात ४६ परवाने खरोखर आहेत, की कमी आहेत, की मुळीच नाहीत, हे पाहण्याचा कोणताही मार्ग आज संस्थेकडे नाही. संस्थेचे वैधानिक लेखापरीक्षण ३१ जुलैपूर्वी पूर्ण व्हायचे आहे. मालमत्तेच्या यादीत दाखवलेल्या या परवान्यांचा पुरावा लेखापरीक्षकांनी मागितला तर आम्ही आपले बिल आणि ती चौकट दाखवायची काय?

बाकीच्या बाबी त्यामानाने किरकोळ वाटतील, पण रोजचा त्रास त्यांचाच आहे. ३२-बिट आवृत्ती मागण्याचे कारण आम्ही लेखी दिले होते : दैनिक तेरीज आणि व्याज आकारणीच्या आमच्या एक्सेल फाइलींमध्ये जुने मॅक्रो (फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) आहेत आणि ते ६४-बिटवर दुरुस्तीशिवाय चालत नाहीत. आपल्या इंजिनिअरने ६४-बिट बसवले. ऑफिस डिप्लॉयमेंट टूल या ऑफिस बसवण्याच्या साधनाच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये हा पर्याय लिहिला नाही तर नव्या संगणकावर आपोआप ६४-बिट बसते, आणि इथे बहुधा तेच झाले असावे. एका ओळीचा प्रश्न होता. आता बदलायचे तर प्रत्येक संगणकावर ऑफिस पुन्हा बसवावे लागेल. जुने एमएसआय प्रकारचे (जुन्या पद्धतीच्या इन्स्टॉलरने बसवलेले) ऑफिस काढण्याची सूचनाही त्याच फाइलमध्ये देता येते. ती न दिल्याने सात संगणकांवर २०१० अजून तसेच आहे आणि फाइलवर दोनदा क्लिक केले की कधी हे उघडते, कधी ते. मराठी मुद्रितशोधन साधने कुठेच बसवलेली नाहीत, त्यामुळे नोटिसा तयार करताना मराठीची तपासणी होतच नाही.

शिवाय इन्स्टॉलेशनची फाइल एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर नेण्याऐवजी प्रत्येक शाखेत प्रत्येक संगणकावर ती इंटरनेटवरून स्वतंत्रपणे उतरवली गेली. जत शाखेत त्या दिवशी कोअर बँकिंगची लाईन दुपारपर्यंत चालली नाही आणि ठेवीदार काउंटरपुढे ताटकळले. डिप्लॉयमेंट टूलमध्ये आधी डाउनलोड आणि मग कॉन्फिगर अशा दोन वेगळ्या आज्ञा नेमक्या याचसाठी दिलेल्या असतात.

आमच्या मागण्या अशा. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थेच्या खात्याचे ग्लोबल ॲडमिन अधिकार संस्थेने कळवलेल्या अधिकृत ई-मेलकडे द्यावेत आणि आपल्या कर्मचाऱ्यांचे अधिकार काढून घ्यावेत. त्याच मुदतीत ४६ परवाने संस्थेच्या नावे केव्हा खरेदी झाले याचा पुरावा द्यावा. खरेदीची तारीख या तक्रारीनंतरची निघाली तर त्याचा अर्थ आम्ही काय लावू हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर पंधरा दिवसांत सर्व संगणकांवर खरेदी आदेशाप्रमाणे ३२-बिट आवृत्ती एमएके कीवर, जुने ऑफिस काढून आणि मराठी साधनांसह, विनाशुल्क बसवून द्यावी. काम कार्यालयीन वेळेनंतर किंवा रविवारी करावे, आमचा कर्मचारी हजर असताना करावे, आणि कोणत्या संगणकावर काय बसवले याची यादी व वापरलेली कॉन्फिगरेशन फाइल आमच्याकडे ठेवून जावी. लॅपटॉपवरचा तो केएमएस सर्व्हर कोणाच्या करारावर चालत होता याचा लेखी खुलासा हवा. मिरज शाखेत फाइल टाकणाऱ्या कर्मचाऱ्यावर काय कारवाई केली तेही कळवावे.

करारातील १० टक्के रक्कम आम्ही राखून ठेवलेली आहे. वरील काम पूर्ण होऊन आमच्या संगणक विभागाने प्रत्येक संगणक तपासल्याशिवाय ती दिली जाणार नाही. शाखाधिकाऱ्यांच्या पूर्तता पत्रकावरील सह्या आपण पुढे कराल हे गृहीत धरले आहे. त्या सह्या पडद्यावर दिसलेल्या ‘ॲक्टिव्हेटेड’ या शब्दावर विसंबून घेतलेल्या आहेत, त्यामागे काय दडवले होते ते तेव्हा सांगितलेले नव्हते. मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास सर्व कागदपत्रे परवाना देणाऱ्या मूळ कंपनीच्या भारतातील कार्यालयाकडे पाठवू, आणि दिलेली सगळी रक्कम व्याजासह परत मिळवण्यासाठी संस्थेच्या कायदेशीर सल्लागारांमार्फत पुढील कार्यवाही करू. त्या खर्चाची जबाबदारी आपल्या कंपनीची राहील.

या पत्राचे उत्तर हेल्पडेस्कच्या तिकीट क्रमांकाने नव्हे, तर जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने कंपनीच्या लेटरहेडवर मिळावे. तोवर आपल्या कोणत्याही कर्मचाऱ्याला आमच्या संगणकांवर रिमोटने प्रवेश दिला जाणार नाही, तशा सूचना सर्व शाखांना दिलेल्या आहेत.

कळावे,

आपला,
मुख्य व्यवस्थापक

सोबत : खरेदी आदेश व बिलाची प्रत, सर्वेक्षण अर्जाची प्रत, ४६ संगणकांच्या परवाना स्थितीच्या छापील नोंदी, ‘री-ॲक्टिव्हेशन शुल्का’चा ई-मेल, मिरज शाखेतील अँटिव्हायरसचा अहवाल

प्रत माहितीसाठी : मा. अध्यक्ष व संचालक मंडळ, वैधानिक लेखापरीक्षक, सर्व शाखाधिकारी