आजी, त्या तीन लेकरांचा पत्ता तुम्ही लावलात

प्रिय आजी,

साष्टांग नमस्कार.

माझी लेक तुम्हाला आजी म्हणायला लागली, तेव्हापासून मीही तेच म्हणते. तुम्हाला मराठी येत नाही, म्हणून सिवर्डला येईन तेव्हा हे पत्र इंग्रजीत वाचून दाखवीन. पण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, ते माझ्या माणसांनाही कळायला हवं.

माझ्या सासऱ्यांचे पणजोबा जर्मनीहून अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात आले आणि सिवर्ड काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, शेती करून राहिले. त्यांना पाच मुलं, असंच घरात सगळे सांगत. १९०० च्या खानेसुमारीत मात्र आईच्या नावापुढे दोन आकडे आहेत : झालेली मुलं आठ, हयात पाच. सासरे आता ८४ वर्षांचे आहेत. आजोबांची ती तीन भावंडं कोण, हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षं छळत होता.

ती सापडणं अवघडच होतं. १८९० च्या खानेसुमारीचे कागद वॉशिंग्टनला १९२१ साली लागलेल्या आगीत आणि त्यानंतर जवळजवळ सगळे गेले. नेब्रास्कात राज्यभर जन्मनोंद सुरू झाली ती १९०४ मध्ये. म्हणजे १८८० नंतर जन्मलेलं आणि १९०० च्या आत गेलेलं मूल या कागदांत दिसणार तरी कुठे? नेब्रास्कानं मध्येच, १८८५ साली, एक गणना केली होती, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. तीही आम्ही आडनाव घालून शोधली. काहीच हाती लागलं नाही.

तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्यांना शोधू नका, त्यांचे शेजारी शोधा."

हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर जमीन मिळायची, पण पाच वर्षं तिथं राहून ती कसल्याचं सिद्ध करावं लागे आणि त्याला साक्षीदार लागत. राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवलेली पणजोबांची फाइल आमच्याकडे होतीच. घर केवढं, दारं-खिडक्या किती, नांगरलेली जमीन किती, हे सगळं आम्ही कौतुकानं वाचलं होतं. साक्षीदारांच्या सह्यांकडे मात्र लक्षच दिलं नव्हतं. आपल्याकडे खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, पूर्वेला कोणाचं शेत, पश्चिमेला कोणाचं. हे ठाऊक असूनही मला ते सुचलं नाही.

तुम्ही त्या दोन साक्षीदारांची नावं १८८५ च्या यादीत काढलीत. त्याच पानावर, चार ओळी खाली, आमचं घर होतं. गणना करणाऱ्यानं आडनाव कानाला लागलं तसं लिहिलेलं. आणि मुलांमध्ये दोन मुली अशा, ज्यांची नावं घरात कोणी कधी घेतली नव्हती. एक चार वर्षांची, एक दोन.

पुढचं काम तुमच्याशिवाय कोणाला जमलं असतं, असं मला वाटत नाही. चर्चची वही जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरात होती. तुम्ही एकेका ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलंत. दोघी बहिणी एकाच आठवड्यात गेल्या, घटसर्पानं. त्यानंतरच्या वर्षी झालेला मुलगा अकरा दिवस जगला. सासरे म्हणाले, "नावं परत वाचा." तुम्ही परत वाचलीत. ते पुन्हा म्हणाले, तुम्ही पुन्हा वाचलीत, आवाज जराही न बदलता. आजी, त्या तिसऱ्या वाचनासाठी मी तुमची कायम ऋणी आहे.

मग दफनभूमीचा जुना नकाशा घेऊन, गुडघे दुखत असतानाही, तुम्ही आमच्याबरोबर आलात. त्या जागी नुसतं गवत होतं. सासरे टोपी काढून बराच वेळ उभे राहिले. मी आजवर त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. बेसनाच्या लाडवांचा डबा तेवढा ठेवून घेतलात.

तिघांची नावं कोरून एक दगड करायला टाकला आहे. चर्चच्या वहीत नावं जशी लिहिली आहेत, तशीच कोरायला सांगितली आहेत. मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, इथं लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहतात. त्या दिवशी आम्ही तो बसवणार आहोत. सासऱ्यांची इच्छा आहे की पहिलं फूल तुम्ही वाहावं. तुम्हाला घ्यायला सकाळी मी स्वतः येईन.

तुमची,
त्या घरची सून